आनंद मोजायला गेलेली दोघं

बारामतीला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा मला एका गोष्टीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. मुलांना गणिताच्या तासाला किती आनंद होतो ते मोजता येतं आणि ते मीच मोजणार. मी गणिताची शिक्षिका. ताप मोजता येतो, पाऊस मोजता येतो, उसाचा उतारा मोजता येतो, मग आनंदानं काय घोडं मारलंय?

शाळेतून अभ्यासरजा मिळाली होती. आमच्या गावाहून, कळसहून, रोज येणं जमणार नव्हतं म्हणून बारामतीत एक खोली घेतली. घर सोडताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "आनंद मोजून काय करायचं असतं?" मी म्हटलं, "आबा, मोजला की वाढवता येतो." ते म्हणाले, "बरं हाय. वाढला की आमाला बी कळव."

आमच्या मार्गदर्शक मॅडम निवृत्तीला टेकलेल्या, अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा आराखडा बाजूला ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आनंद नावाची वस्तू मुलांच्या आत कुठंतरी पडलेली असते आणि तुम्ही ती जाऊन उचलून आणणार, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"हो मॅडम," मी आनंदानं म्हणाले. कुणीतरी आपलं म्हणणं इतक्या थोडक्यात सांगितलं याचंच मला कौतुक वाटलं.

"छान. मग मोजपट्टी करा," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीकडे वळल्या.

त्या खुर्चीवर सोमेश्वरनगरकडचा एक जण बसला होता. घरची टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची शेती, हा मात्र मास्तर झालेला. विषय जवळपास माझाच. पण तो म्हणाला, "मॅडम, आनंद असा आत पडलेला नसतो. मुलं एकमेकांशी बोलता बोलता तो तयार करतात. तो मोजायचा नसतो, समजून घ्यायचा असतो. मी नुसता त्यांच्याजवळ बसून ऐकणार आहे."

मला हसू आवरलं नाही. "म्हणजे तुम्ही गप्पा मारून डॉक्टर होणार?"

"तुम्ही पट्टी लावून होणार, तसाच मी गप्पा मारून," तो शांतपणे म्हणाला.

मॅडमच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "तुम्ही जगाला काय समजता, त्यावर तुम्ही त्याला काय विचारणार हे ठरतं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात त्याला मोठमोठी नावं आहेत, ती नंतर वाचा. आधी दोघं एकाच शाळेत जा. एकाच वर्गात. आणि मला येऊन सांगा, काय दिसलं."

अशी आमची जोडी जमली. शाळा भवानीनगरच्या अलीकडे, वर्ग सहावी. त्याची मोटारसायकल भाऊ बाजारात माल न्यायला वापरायचा, म्हणून तो एसटीनं बारामतीला यायचा आणि स्टँडसमोर माझ्या स्कूटीवर मागं बसायचा. बाई पुढं आणि मास्तर मागं, मांडीवर रेकॉर्डर घेतलेला, हे दृश्य इंदापूर रस्त्यावरच्या लोकांना फार आवडलं. एका रसवंतीवाल्यानं तर आम्ही दिसलो की घंटा वाजवायला सुरुवात केली.

आणि आम्ही भांडायचो. गळीत हंगाम सुरू होता, पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागून ट्रकचे हॉर्न, त्या सगळ्यावर आवाज चढवून आम्ही सत्य म्हणजे काय यावर बोलायचो.

"खरं एकच असतं!" मी पुढून ओरडायची.

"कुणाचं खरं?" मागून उत्तर यायचं.

"खऱ्याला कुणाचं म्हणून नसतं!"

"हेही तुमचंच मत झालं की!"

या उत्तरावर मी मुद्दाम स्कूटी खड्ड्यात घालायची.

शाळेतले गुरुजी भले माणूस. त्यांनी आम्हाला पाहुण्यांसारखी खुर्ची दिली, चहा दिला आणि वर्ग दिला. पहिली पाळी माझी. मी पदनिश्चयन श्रेणी तयार केली होती. नाव भारदस्त असलं तरी काम साधं होतं. कागदावर ओळीनं तोंडं काढलेली, एका टोकाला खदखदून हसणारं, दुसऱ्या टोकाला भोकाड पसरलेलं, मधे बाकीची. गणिताच्या तासाला जसं वाटतं तसलं तोंड मुलांनी रंगवायचं. रात्रभर जागून मी ती तोंडं इतकी एकसारखी काढली होती की कंपासपेटीलाही अभिमान वाटावा.

मुलांनी माना खाली घालून रंगवलं. कागद गोळा केले आणि मी तिथंच हर्षानं उडी मारायची बाकी राहिले. सगळ्या वर्गानं खदखदून हसणारं तोंड रंगवलं होतं. एकूण एक मुलानं!

"बघा!" मी त्याच्या नाकासमोर गठ्ठा नाचवला. "याला म्हणतात पुरावा."

मला आणखी जोर चढला. मी दाराजवळ बसलेल्या एका मुलीला विचारलं. सावळी, दोन घट्ट वेण्या, आल्यापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. "एवढं आवडतं का गं तुला गणित?"

तिनं मान हलवली. "न्हाय बाई."

"मग हसरं तोंड का रंगवलंस?"

"तेच बरोबर हाय नव्हं?" ती गोंधळून म्हणाली. "रडकं रंगावल्यावर चूक देणार की तुमी."

तिच्या मागचा मुलगा मदतीला आला. "आन् बाई, हसऱ्याचं तोंड मोठ्ठं हाय. त्यात रंग लय बसतो."

वरताण म्हणजे, गुरुजी माझ्या मागून हळूच वर्गात फिरले होते. पाहुण्या बाई इतक्या लांबून आल्यात, सगळ्यांनी चांगलं रंगवा, असं त्यांनी प्रेमानं प्रत्येकाच्या कानात सांगितलं होतं. माझ्या मोजपट्टीनं आनंद मोजला नव्हता. गुरुजींचा पाहुणचार मात्र तंतोतंत मोजला होता.

परतीच्या वाटेवर तो मागं बसून हसत होता. ते हसणं सीटमधून हँडलपर्यंत पोचत होतं.

मग त्याची पाळी. तो मुलांना घेऊन कडुलिंबाखाली बसला, रेकॉर्डर मधे ठेवला आणि म्हणाला, "गणिताच्या तासाला काय काय होतं ते सांगा मला. काहीही सांगा."

मुलांनी खरोखरच काहीही सांगितलं. शाळेच्या भिंतीमागं ऊस आहे. त्या उसात म्हणे बिबट्या येऊन बसतो आणि पाढे ऐकतो. एकानं सांगितलं की सोपे पाढे असले तर तो झोपतो. दुसरा म्हणाला, सतराचा सुरू झाला की पळून जातो. तिसऱ्यानं त्याचं शेपूट पाहिलं होतं. चौथा तर म्हणाला, बिबट्या स्वतःच सतराचा पाढा म्हणत होता आणि मधेच चुकला.

त्या संध्याकाळी तो सीटवर जवळजवळ उभाच होता. "किती खोल आहे हे! पाढ्यांची भीती बिबट्या होऊन येते. आणि मुलं त्या भीतीलाच पळवून लावतात. तुमच्या तोंडांत हे कुठं सापडलं असतं?"

मला इतकं हसू आलं की स्कूटी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. मागून येणारा ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरनं काळजीनं विचारलं, "ताई, काय हुतंय का? दवाखाना हितंच हाय." मला उत्तर देता येईना. तोच म्हणाला, "काही नाही दादा, वाद चाललाय."

पुढच्या खेपेला शाळेच्या दारातच मुलांनी त्याला गाठलं. "सर, बिबट्या खोटाच हुता. तुमी आमचं सगळं ऐकत हुता, म्हणून सांगत गेलो."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. वाटलं, आता चिडणार. पण तो मटकन पायरीवर बसला आणि हसतच सुटला. मुलंही हसायला लागली. कुणीतरी गुरगुरून दाखवलं. त्या गोंधळात मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. स्वतःचा सिद्धांत असा डोळ्यांदेखत कोसळताना इतकं मोकळं हसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्याचं ध्वनिमुद्रण मी मागून घेतलं. खरं सांगायचं तर बिबट्याची गोष्ट पुन्हा ऐकायची होती. पण माझी सवय जाईना. ऐकता ऐकता कोण किती वेळा बोललं त्याच्या रेघा ओढत गेले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये मी त्याच्यासमोर त्या रेघा ठेवल्या.

"यात मुलींचा आवाज शोधा," मी म्हटलं.

त्यानं बघितलं. मुलांच्या नावापुढं रेघांचं रान माजलं होतं. मुली फक्त हसण्यात होत्या. त्यांच्यातली एकही काही बोलली नव्हती.

"मी तर सगळ्यांना ऐकत होतो," तो हळूच म्हणाला.

"बोलत होते त्यांना ऐकत होता."

त्याचा चहा तसाच गार झाला. मला वाटलं, आपण जिंकलो, पण जिंकल्यासारखं काही वाटेना. दुसऱ्या दिवशी तो एसटीतून उतरला तो हातात आखलेले कागद घेऊनच. वर मुलामुलींचे रकाने, बाजूला वेळ. "मोजायला शिकवा मला," तो म्हणाला. "मी समजत होतो, मोजणं म्हणजे माणसाचा आकडा करणं. पण न मोजता माझ्याकडून अर्धा वर्गच गळला."

स्टँडवर गर्दी होती, कंडक्टर फलटण फलटण ओरडत होता, आणि मी त्याच्याकडे बघता बघता स्कूटी सुरू करायच्या ऐवजी डिकीच उघडली.

त्याच्याकडून मी काय घेतलं? तो म्हणाला, "त्या दारापाशी बसणाऱ्या मुलीला प्रश्न विचारू नका. नुसत्या शेजारी बसा." शिक्षकाला याहून अवघड काम नाही. मी दोन तास ओठ आवळून बसले. ती वहीत शाळेशेजारची पाण्याची टाकी काढत होती. मला शिसपेन्सिल कशी धरावी हे सांगायचं होतं, टाकीचे खांब वाकडे आलेत हे सांगायचं होतं. नाही सांगितलं. शेवटी तीच म्हणाली, "बाई, ही टाकी किती उंच असंल?"

"कसं काढता येईल?"

तिनं बाहेर बघितलं. टाकीची सावली मैदानात लांब पडली होती. "सावली मोजता येती," ती म्हणाली. मग टाकीकडं बघून, "पर सावली म्हंजी टाकी न्हाय."

"काठी रोवली तर? काठीची उंची आपल्याला ठाऊक असते. तिचीही सावली पडते."

ती टुणकन उभी राहिली. मी गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, सगळे बाहेर!"

मग जे झालं त्याला तास म्हणणं धाडसाचं आहे. गट पडले, काठ्या आल्या, टेप आला. टाकीच्या सावलीचं टोक कुंपणाबाहेर शेजारच्या कांद्यात पडलं होतं, तिथली मावशी खुरपं घेऊन उठली. "आरं कांदं तुडवू नगासा!" गुरुजी तिची समजूत घालायला धावले आणि पाच मिनिटांनी मावशीच टेपचं टोक धरून वाफ्यात उभी होती. एका गटाची काठी तिरकी, एका गटानं टेप उलटा धरलेला. प्रत्येकाची टाकी वेगळ्या उंचीची निघाली आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणून भांडायला लागला. आम्हा दोघांसारखाच.

एवढ्यात एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. "आरं गप बसा! भांडत बसलासा तवर सावली सरकली की! काठीची आन् टाकीची एकाच टायमाला मोजाया पायजे!"

दोन घट्ट वेण्यांची ती मुलगी. मग तिनं माणसं वाटून दिली, तू हितं, तू तितं, मी हो म्हणलं की दोघांनी संगंच खूण करायची. मुलगे निमूट पळत होते. पुन्हा मोजलं. उत्तरं जवळ जवळ आली, तरी एकसारखी येईनात. तेव्हा कुणीतरी म्हणालं, सगळ्यांचं मिळून मधलं काढू. सरासरी मी त्यांना शिकवली नव्हती! मी टाळ्या वाजवायला लागले आणि थांबेनाच. तो शेजारी उभा राहून रेघा ओढत होता, कोण बोललं, किती वेळा, आणि मुलींच्या रकान्यात त्याला जागा पुरत नव्हती.

वर्गात परत आल्यावर मी माझी तोंडं पुन्हा वाटली. मुलांनी कागद बघितला.

"बाई, ह्यात आमचं तोंड न्हाय," मागचा मुलगा म्हणाला.

"मग काय करू या?"

त्यांनी कागद उलटले आणि कोऱ्या बाजूवर आपापली तोंडं काढली. जीभ बाहेर आलेलं. केस मागं उडालेलं. एकानं टाकीलाच डोळे काढले. त्या मुलीचा कागद मी हातात घेतला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे केवढे तरी मोठे. हसू अजिबात नाही.

"हे कसलं तोंड गं?"

"सावली सरकताना बघत हुते, तवाचं."

"तेव्हा कसं वाटत होतं?"

तिनं विचार केला. "लय भारी," ती म्हणाली, आणि चेहरा अगदी त्या चित्रासारखाच गंभीर होता.

माझ्या आखीव तोंडांत हा आनंद कुठंच बसत नव्हता. मी हसण्यालाच आनंद धरून चालले होते, आणि तसं धरलं म्हणून तसाच प्रश्न विचारला होता. घरूनच ठरवून आणलेलं उत्तर मुलांपुढं रंगवायला ठेवलं होतं. हे कळलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं, पण मला तर उलट कुणीतरी नवीन खोलीचं दार उघडून दिल्यासारखं वाटलं. पळत जाऊन सगळं बघावं इतकी घाई झाली.

आम्ही दोघं तसेच मॅडमकडे गेलो. बिबट्या, कांद्यातली मावशी, उलटे कागद, सगळं एकमेकांचं वाक्य तोडत सांगितलं. मॅडम डोळे पुसत हसत होत्या. मग म्हणाल्या, "बरं, आता सांगा. आनंद असतो कुठं?"

"मुलं मिळून तयार करतात," मी म्हटलं.

"पण मोजल्याशिवाय कुणाच्या वाट्याला आला नाही ते कळत नाही," तो त्याच क्षणी म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "अदलाबदल केलीत वाटतं. चालेल. पण प्रबंधात लपवू नका. आधी काय मानत होतात, त्यामुळे कसे प्रश्न विचारलेत, वर्गात काय झालं आणि मग काय बदललं, हे सगळं लिहा. पद्धतीचं प्रकरण म्हणजे दुसरं काय असतं?" दोघांचेही आराखडे त्यांनी लाल पेनानं रंगवून परत दिले. तो लाल रंग बघून आम्ही जिन्यात बसून पुन्हा हसलो.

पुढं शाळेत जायचं काम संपत आलं तरी आम्ही काहीतरी कारण काढून जात राहिलो. अशाच एका संध्याकाळी भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो होतो. ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर तोडणीची माणसं बसली होती. मागून तो काहीतरी बोलला.

"काय?" मी ओरडले. ट्रॅक्टरवर गाणी लागली होती.

तो पुन्हा बोलला. पुन्हा ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला! प्रश्न नीट विचारावा!"

मग तो असा काही ओरडला की ट्रॉलीवरची माणसं ताठ झाली. मला तरीही गाण्याखेरीज काही कळलं नाही. शेवटी वर बसलेल्या एका बाईनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "ताई! लगीन करता का इचारत्यात ते!"

मी ब्रेक दाबला. मागचा रिकामा टेम्पो थांबला. टेम्पोमागचा दूधवाला थांबला. ट्रॉली पुढं चालली होती आणि ती बाई लांब जाता जाता ओरडत होती, "व्हय म्हणा की! व्हय म्हणा!"

मी व्हय म्हटलं. मागून दूधवाल्यानं हॉर्न वाजवला, आनंदानं की वैतागानं ते कळलं नाही. त्याचं मापन आम्ही केलं नाही.

कळसला आबांना सांगायला गेले. आबा अंगणात बसले होते. आजोबांच्या काळी आमच्याकडे मेंढरं होती, आता डाळिंब आहे, तरी आबा कुणाचीही चौकशी करताना आधी तो कुठं कुठं हिंडलाय ते विचारतात.

"पोरगं कुठं हिंडतंय, आन् करतंय काय?" त्यांनी विचारलं.

"शाळेत जाऊन पोरांशी बोलतं आणि लिहितं."

"आन् तू?"

"मी मोजते आणि लिहिते."

"मग लगीन करून काय करणार?"

"भांडणार आबा. रोज."

आबांनी घराच्या दाराकडं बघितलं. आई आतून म्हणाली, "मग ठीक हाय की. लगीनच हाय ते."

लग्न झालं, प्रबंधही झाले. त्याचा आधी. उघड मौखिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "पहिल्या प्रकरणात तुम्ही आकड्यांवर इतकी टीका करता, आणि चौथ्यात स्वतःच तक्ते देता. तुमच्या आधीच्या तात्त्विक भूमिकेचं झालं काय?" त्यानं तीन दिवस याच उत्तराची तयारी केली होती. पण ऐन वेळी सगळं विसरला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "त्या बसल्यात, सर." सभागृहात जो हशा झाला त्यात परीक्षकही होते.

माझ्या वेळी आबा पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून. परीक्षकांनी मला घाम फोडला. एका वर्गावरून निष्कर्ष कसा काढता, मुलांनी काढलेल्या तोंडांचा अर्थ तुम्ही लावलात तो बरोबर कशावरून. मी उत्तरं देत होते आणि त्या प्रश्नांची मला मजाही येत होती, कारण हेच प्रश्न स्कूटीवर ओरडून ओरडून पाठ झाले होते. शेवटी रीतीप्रमाणे विचारलं गेलं, श्रोत्यांतून कुणाला काही विचारायचं आहे का?

आबा उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "ही पास हाय का न्हाय, तेवढं सांगा. आमची कळसची गाडी सुटंल."

परीक्षक उठून उभे राहिले, आबांना हात जोडले आणि म्हणाले, "पास आहे."

"मग झालं," आबा म्हणाले, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आतच पिशवी घेऊन दाराकडे चालायला लागले. आम्ही सगळे त्यांच्यामागं पळालो, आई, तो, मी, आणि साडीच्या निऱ्या सावरत आमच्या मॅडमसुद्धा.